मदत हवी आहे: रिमॅप केल्यावर ऑक्टाव्हिया १.८ चा मूळ डीएसजी गिअरबॉक्स तग धरेल का?

नमस्कार मंडळी,

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, २०१७ ची फेसलिफ्ट, पूर्ण स्टॉक (कंपनीतून आली तशी). रनिंग ६८,००० किमी, वॉरंटी संपलेली. सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली, इंजिन ऑइल खात नाही. रोजचं जाणं-येणं वाकड ते खराडी, आणि सुट्टी मिळाली की ताम्हिणी नाहीतर साताऱ्याकडे.

स्टेज १ रिमॅप, म्हणजे फक्त सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवणं, मनात आहे. इंजिनाबद्दल मी निर्धास्त आहे, कारण ईए८८८ घराण्यातली (माझं त्यातलंच) इंजिनं याहून कितीतरी जास्त ताकदीवर जगभर चालतात. अडतंय ते गिअरबॉक्सपाशी. ज्याला विचारावं त्याचं उत्तर वेगळं. ट्यूनर म्हणतात, "बिनधास्त करा, शेकडो गाड्या केल्यात." गॅरेजवाले म्हणतात, "हात लावू नका, वर्षात क्लच जाईल." दोघांपैकी कोणीच का ते नीट सांगत नाही. म्हणून जे समजलंय ते आधी मांडतो. चुकत असेल तिथे बिनदिक्कत सांगा.

माझ्या गाडीत सात गिअरचा डीक्यू२०० आहे. हा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स; दोन्ही क्लच कोरडे. एकावर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६ व रिव्हर्स. नावात २०० असलं तरी याची टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) मर्यादा २५० एनएम (न्यूटन-मीटर). आणि माझं इंजिन स्टॉकमध्येच २५० एनएम देतं, तेही १,२५० पासून ५,००० आरपीएमपर्यंत सलग. म्हणजे कागदावर शिल्लक काहीच नाही.

हा योगायोग नाही. २०१६ साली आपल्याकडे आलेली सुपर्ब आठवा. तेच १.८ टीएसआय इंजिन, तेच १८० पीएस (अश्वशक्ती). पण मॅन्युअल घेतली तर टॉर्क ३२० एनएम आणि डीएसजी घेतली तर २५०. इंजिन ३२० आरामात देऊ शकत होतं. कंपनीने ते कापलं, ते या गिअरबॉक्ससाठीच. ज्यांनी तो बनवला तेच ७० एनएम सोडून द्यायला तयार झाले, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

२०१७ साली ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे आली तेव्हा तिला ३५० एनएमसाठी सहा गिअरचा डीक्यू२५० दिला होता. त्यात क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात, त्यामुळे घासल्यावर निघणारी उष्णता ऑइल वाहून नेतं. कोरड्या क्लचला ती सोय नाही. उष्णता प्रेशर प्लेटच्या लोखंडात जाते आणि तिथून हवेत, आणि तेवढा वेळ न देता पुन्हा घासलं की तापमान चढत जातं. खंबाटकी चढताना पुढे कंटेनर अडकलेले असले की हेच होतं. ब्रेक सोडा, चार हात पुढे, परत ब्रेक. त्या प्रत्येक वेळी पहिल्या गिअरचा क्लच अर्धवट लागलेला असतो.

माझ्या गाडीतही अशा ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना एक बारीक थरथर येते. सीटपेक्षा स्टिअरिंगवर जास्त कळते, जेमतेम सेकंदभर. सकाळी थंड गाडीला अजिबात नाही. हायवेला लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांत जाते.

आता ट्यूनरने दिलेला आकडा: सुमारे २३० पीएस आणि ३६० एनएम. मर्यादेच्या ४४ टक्के वर. त्याचं म्हणणं, २५० हा कंपनीचा "सेफ साइड" आकडा आहे, खरा गिअरबॉक्स बरंच जास्त पेलतो. थोडं मार्जिन कंपनी ठेवत असणार हे मलाही पटतं. पण किती, आणि ते मार्जिन पुण्याच्या उन्हाळ्यात तापलेल्या क्लचलाही लागू होतं का, हे त्याला सांगता आलं नाही.

माझे प्रश्न:

ताकद वाढवल्यावर नेमकं आधी काय जातं? क्लच, गिअर, की मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्स चालवणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग)?

फक्त इंजिनाचा ईसीयू (कंट्रोल कॉम्प्युटर) रिमॅप करून चालेल, की गिअरबॉक्सचा टीसीयूसुद्धा (त्याचा कॉम्प्युटर) करावा लागेल?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मला खालच्या आरपीएमला धक्का नको आहे. मला हवाय तो हायवेवर ओव्हरटेक करताना वरच्या आरपीएमला दम. तर टॉर्क फारसा न वाढवता फक्त पीएस वाढवता येतात का?

शहाणपणाचे दोन शब्द हवेतच, पण सोबत कारण द्या ही विनंती.

प्रतिसाद: गिअरपेटी (चिंचवड)

साहेब, मी डीएसजीचीच कामं करतो, म्हणून हाताखालून जे गेलंय ते सांगतो.

रिमॅप केलेल्या डीक्यू२०० मध्ये बहुतेक वेळा आधी क्लच जातो. गिअरचे दात तुटून आलेली गाडी क्वचित. मेकॅट्रॉनिकचा आजार वेगळा आहे, तो स्टॉक गाड्यांनाही होतो. त्यात प्रेशर साठवणाऱ्या ॲक्युम्युलेटरजवळचा भाग तडकतो, प्रेशर जातं आणि गाडी जागेवर उभी राहते. त्याचं खापर रिमॅपवर फोडू नका. २०१३ मध्ये कंपनीने या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल भरायची मोठी मोहीम केली होती, तो प्रकारही इलेक्ट्रॉनिक्सचा होता, ताकदीचा नाही. तुमची गाडी त्याच्या बरीच नंतरची आहे.

तुमची थरथर मात्र मी हलक्यात घेणार नाही. रिमॅपच्या आधी हे करा: व्हीसीडीएस (गाडीतले आकडे वाचायचं सॉफ्टवेअर) लावून दोन्ही क्लचची जाडी आणि आतापर्यंत गाठलेलं कमाल तापमान वाचून घ्या. मग गाडी चांगली तापवून, चढावर तोंड खाली करून रिव्हर्समध्ये हळूच मागे घ्या. रिव्हर्स दुसऱ्या क्लचवर आहे. तिथेही थरथरली तर दुसरा क्लच चकाकलाय (तापून गुळगुळीत झालाय) असं समजा. नाही थरथरली तर बेसिक सेटिंग करून, म्हणजे क्लचचे पॉइंट गाडीला नव्याने शिकवून, पंधरा दिवस चालवा. पुष्कळदा तेवढ्यात भागतं.

थकलेल्या क्लचवर ३६० टाकलेत तर गाडी माझ्याकडेच येणार आहे.

प्रतिसाद: कॅलिब्रेशनवाली

माझं रोजचं काम ट्रान्समिशन कॅलिब्रेशनचं आहे (या कंपनीत नाही), त्यामुळे तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर लिहिते.

इंजिनाचा ईसीयू सतत हिशोब करत असतो की आत्ता आपण किती एनएम देतोय. तो आकडा तो कॅन लाइनवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या तारांवर) टाकतो. टीसीयू तो वाचतो आणि क्लच किती घट्ट धरायचा ते त्यावरून ठरवतो. गिअर बदलताना टीसीयू उलट निरोप पाठवतो, "क्षणभर टॉर्क कमी कर", आणि इंजिन इग्निशन मागे घेऊन तो कमी करतं. दोघांचा सगळा व्यवहार या आकड्यावरच्या विश्वासावर चालतो.

वाईट रिमॅप हा आकडा बिघडवतो. इंजिन खरोखर ३५० देतंय आणि लाइनवर २५० जातंय, कारण खरा आकडा गेला तर टीसीयू मर्यादा लावून ताकद छाटेल. मग टीसीयू २५० च्या हिशोबाने क्लच धरतो आणि क्लच घसरतो. सुरुवातीला इतका थोडा, की ड्रायव्हरला कळतही नाही. उष्णता मात्र तयार होते, गरम झालेलं क्लचचं लायनिंग (घासणारा थर) आणखी कमी पकड देतं, आणि ते चक्र सुरू राहतं. म्हणून ट्यूनरला पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्या रिमॅप फाइलमध्ये टॉर्क मॉडेल, म्हणजे हा हिशोब, खरं राहतं का? उत्तर गोलमोल आलं तर तिथून उठा.

टीसीयू ट्यून केल्याने मर्यादा वर सरकते आणि क्लच जास्त घट्ट धरला जातो. त्याने लायनिंगचं क्षेत्रफळ वाढत नाही आणि थंड करायची सोयही येत नाही. ओल्या डीक्यू२५० वर टीसीयू ट्यूनचा जितका उपयोग होतो तितका कोरड्यावर होत नाही, हे लक्षात ठेवा.

आता तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. हो, येतात. पीएस म्हणजे एनएम गुणिले आरपीएम भागिले ७०२३. तुमचं इंजिन २५० एनएम ५,००० पर्यंत टिकवतं, तिथे साधारण १७८ पीएस होतात. तेच २५० एनएम ६,००० पर्यंत टिकवले तर साधारण २१४ पीएस. गिअरबॉक्सवरचा कमाल टॉर्क एका एनएमनेही वाढला नाही. टर्बो छोटा आहे, त्यामुळे शेवटी थोडी उतरण येईलच. पण २०० पीएसच्या आसपास पोचणं अवाजवी नाही.

उलट ३६० एनएमची फाइल तो टॉर्क २,००० च्या आसपास आणून ठेवते. डी मोडमध्ये तुमचा गिअरबॉक्स बराच वेळ सहाव्या-सातव्यात तिथेच असतो. एक्सलरेटर अर्धा दाबला की किकडाउनच्या (खालचा गिअर लागण्याच्या) आधीच सगळा भार एका क्लचवर. अशी गाडी टेस्ट ड्राइव्हला फार भारी वाटते, म्हणून ती विकली जाते.

तर फाइल अशी मागा: पहिल्या-दुसऱ्या गिअरला स्टॉकच टॉर्क, तिसऱ्यापासून फार तर २७० ते २८०, ३,००० च्या खाली चढण सावकाश, आणि ५,००० नंतर जितकं टिकवता येईल तितकं. डायनोवरचा (ताकद मोजायच्या यंत्रावरचा) आलेख आधीचा आणि नंतरचा, दोन्ही घ्या. आलेखात कुबड नको, सपाट पठार हवं.

प्रतिसाद: कोयनाकाठ

मध्येच विचारतो, माफ करा. माझी स्लाव्हिया १.० ऑटोमॅटिक आहे, ११५ पीएस, १७८ एनएम. हेच सगळं मलाही लागू का? आणि विम्याचं काय?

प्रतिसाद: कॅलिब्रेशनवाली

दादा, तुमचा गिअरबॉक्स वेगळा आहे. आयसिनचा सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला. याच कुटुंबातला गिअरबॉक्स अमेरिकेतल्या जेटाच्या २.५ लिटर इंजिनाला जोडलेला होता आणि ते २४० एनएम द्यायचं. म्हणजे तुमच्याकडे बरीच जागा आहे. कन्व्हर्टरमध्ये सुरुवातीची घसरण ऑइलमध्ये होते, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये तुम्ही यांच्यापेक्षा सुखी. तुमचा शत्रू ऑइलचं तापमान. "लाइफटाइम ऑइल" वर विसंबू नका, ६०,००० च्या आसपास बदलून घ्या, रिमॅप केलात तर त्याआधीच.

स्लाव्हिया १.५ डीएसजीवाले कोणी वाचत असतील तर त्यांचं मात्र धागाकर्त्यासारखंच आहे. तोच डीक्यू२००, तेच २५० एनएम.

विम्याबद्दल: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा आणि कंपनीला लेखी विचारा. न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी निघाला तर भांडण तुमच्या अंगावर येतं.

प्रतिसाद: धागाकर्ता

गिअरपेटी दादा, कॅलिब्रेशनवाली ताई, दोघांचे मनापासून आभार. इतकं सरळ उत्तर आजवर कोणी दिलं नव्हतं.

रिव्हर्सची चाचणी करून आलो. पाषाणच्या चढावर गाडी पूर्ण तापलेली असताना मागे घेतली. थरथर नाही. गाडी अगदी गुळगुळीत मागे आली. शनिवारी व्हीसीडीएसवर आकडे वाचून बेसिक सेटिंग करून घेतोय.

ट्यूनरला ताईंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. पहिला म्हणाला, "ते सगळं आमच्यावर सोडा." तिथे जाणार नाही. दुसऱ्याने लॅपटॉप उघडून गिअरनिहाय टॉर्क मर्यादेचा तक्ता दाखवला आणि २७० वर बांधलेली फाइल करून द्यायला तयार झाला. वर हेही म्हणाला, "अशी फाइल कोणी मागत नाही, सगळ्यांना मोठा आकडा हवा असतो." थरथर गेली तरच पुढे जाईन. राहिली तर आधी क्लच, रिमॅप नंतर.

एक राहिलं. कोणी डीक्यू२०० वर २७०–२८० च्या आसपास बांधलेली फाइल घेऊन निदान एक उन्हाळा काढला असेल, तर ट्रॅफिकमधलं क्लचचं तापमान रिमॅपच्या आधी किती होतं आणि नंतर किती, एवढं इथे टाकाल का? स्टॉक गाडीचे आकडेही चालतील, तुलनेला लागतीलच.