शब्दचर्चा : 'एक्स्टर्नॅलिटी'ला 'बाह्यता' म्हणावं की 'भुर्दंड'?

टाचण :
मराठी माध्यमातून अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी एक वाचनपुस्तिका लिहिते आहे. विकसनशील देशांत पर्यावरणाच्या अर्थशास्त्रातलं संशोधन सरकारी धोरणापर्यंत पोहोचतं तेव्हा नेमकं काय घडतं, हा विषय. उदाहरण गुजरातचं घेतलं आहे, कारण तिथे संशोधक आणि राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी दीर्घकाळ एकत्र काम केलं आणि त्यातून नियम खरोखर बदलले.

गाडी पहिल्याच पानावर अडली आहे. एकाच्या व्यवहाराचा तिसऱ्यावर होणारा, पण भावात न धरलेला परिणाम म्हणजे 'एक्स्टर्नॅलिटी'. पाठ्यपुस्तकं तिला 'बाह्यता' म्हणतात, कुठे 'बाह्य परिणाम'. 'बाह्यता' फळ्यावर लिहिलं की मुलं वहीत उतरवून घेतात आणि एकही प्रश्न विचारत नाहीत. कशाच्या बाहेर? बाजाराच्या, की कारखान्याच्या भिंतीच्या? शब्दातून काहीच उलगडत नाही. गोष्ट मात्र साधी आहे. सुरतेत पांडेसरा, सचिन, पलसाणा या भागांत कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या मिलची दाटी आहे. वाफेसाठी त्यांच्या बॉयलरमध्ये कोळसा, लिग्नाइट (हलक्या प्रतीचा कोळसा) जळतो. कापडाच्या भावात सूत, रंग, मजुरी, कोळसा सगळं धरलेलं असतं. धुराड्यातून निघणाऱ्या बारीक धुळीने ज्याची छाती भरते, त्याच्या दवाखान्याचा खर्च त्या भावात नसतो. तो त्याचा त्यालाच करावा लागतो. आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने हेच १९२० मध्ये मांडलं आणि उपाय सांगितला: जेवढं नुकसान, तेवढा कर लावा.

मला सुचलेला शब्द 'भुर्दंड'. 'नाहक भुर्दंड पडला' असं आपण रोज म्हणतो. केलं एकाने, भरतो दुसरा, हे त्यात आपोआप येतं. चालेल का?

दुसरी अडचण 'एमिशन परमिट'ची, म्हणजे ठरावीक धूळ सोडण्याची जी मुभा कारखाने एकमेकांना विकू शकतात तिची. 'उत्सर्जन परवाना' लिहिलं की वाचणारा 'प्रदूषण करायचा परवाना' असंच वाचतो. सुरतेत २०१९ पासून धूलिकणांच्या अशा परवान्यांचा बाजार चालू आहे. धूलिकणांसाठीचा हा जगातला पहिला बाजार. त्याला काय म्हणू?

पदर :
'भुर्दंड' मनापासून आवडला, पण तो अर्ध्याच संकल्पनेला पुरतो. शेजाऱ्याने बांधावर झाडं लावली आणि माझ्या विहिरीला पाणी टिकलं, ही सुद्धा एक्स्टर्नॅलिटीच. गावातल्या निम्म्या मुलांना लस दिली की उरलेल्यांनाही थोडं संरक्षण मिळतं, तेही यातच बसतं. तिथे भुर्दंड कसला? म्हणून व्याख्येत 'बाह्य परिणाम' असू द्या, तो दोन्ही बाजूंना चालतो. 'बाह्यता' मात्र काढून टाका. भाववाचक नाम झालं की कर्ता पुसला जातो. 'परिणाम' म्हटल्यावर निदान कोणाचा आणि कोणावर हे विचारता येतं.

तापीकाठ :
मी सुरतेत उधन्याला राहतो. मूळ गाव जळगाव जिल्ह्यात. लिंबायत, उधना, पांडेसरा या पट्ट्यात आम्ही खान्देशी माणसं भरपूर. म्हणजे ज्यांच्याबद्दल हे चाललं आहे त्यातले बरेच मराठीच बोलतात. 'बाह्यता' आमच्याकडे कुणाला कळणार नाही. 'काजळी' सगळ्यांना कळते. दोरीवरचे कपडे संध्याकाळी काढायला जा, झटकले तर काळी रेघ उठते, म्हणून आधी फुंकर मारायची सवय लागते.

पण एक सांगतो. काजळी दिसते म्हणून लोक तिच्यावर बोलतात. छातीत जाणारी धूळ त्याहून बारीक असते, ती कपड्यावर दिसतही नाही. तुमच्या पुस्तिकेत हा फरक यावा असं वाटतं.

वजनकाटा :
तापीकाठ यांच्या मुद्द्याला जोडून एका शब्दावर बोलायचं आहे, तो म्हणजे 'प्रमाण'. बातम्यांत येतं, 'धुळीचे प्रमाण घटले'. काय घटलं? हवेच्या एका घनमीटरमधली धूळ, की धुराड्यातून बाहेर पडलेली एकूण धूळ? मराठीत 'प्रमाण' दोन्हीला चालतो आणि इथेच सगळा घोटाळा होतो.

पूर्वी मी प्रयोगशाळेत धुराड्यांचे नमुने घ्यायचे काम केलं आहे. शिडीने वर चढायचं, धुराड्याच्या भोकातून नळी आत घालायची, नळीत कागदी थिंबल बसवलेलं असतं. बोटाला घालतात त्या टोपणासारखं, जरा लांब. ठरावीक वेळ पंपाने हवा ओढायची. थिंबल आधी वाळवून तोललेलं असतं, नंतर पुन्हा वाळवून तोलायचं. वाढलेलं वजन भागिले ओढलेली हवा, म्हणजे घनमीटरला किती मिलिग्रॅम ते निघतं. जुना नियम याच आकड्याचा होता, १५० च्या आत राहा.

आता दोन मिल धरा, आकडे समजावण्यापुरते. पहिलीच्या धुरात घनमीटरला १०० मिलिग्रॅम, पण तासाला २०,००० घनमीटर धूर, म्हणजे तासाला २ किलो धूळ. दुसरीच्या धुरात १४० मिलिग्रॅम, पण तासाला ५,००० घनमीटरच, म्हणजे ७०० ग्रॅम. जुन्या नियमाने दोघीही पास, उलट दुसरीच काठावरची. वस्तीच्या अंगावर मात्र पहिली जवळजवळ तिप्पट धूळ टाकते आहे. शिवाय धुरात साधी हवा मिसळली की मिलिग्रॅमचा आकडा खाली येतो, धूळ तेवढीच राहते. सुरतेच्या बाजारात धूळ किलोवर मोजतात, आणि ती वर्षातून एखाद्या वेळी न मोजता धुराड्यावर बसवलेल्या यंत्राने सतत मोजली जाते. हा बदल मला बाजारापेक्षाही मोठा वाटतो.

म्हणून पहिल्याला शाळेच्या रसायनशास्त्रातला 'संहती' आणि दुसऱ्याला सरळ 'वजन' वापरा. 'प्रमाण' पुस्तिकेत कुठेच नको.

टाचण :
'प्रमाण' काढला. आणि तुम्ही नमुन्यांचा विषय काढलात म्हणून मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट सांगते, त्यातही एक शब्द अडला आहे.

गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशापासून जास्त प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी त्रयस्थ ऑडिटरकडून पर्यावरण ऑडिट करून घ्यावं लागतं. ऑडिटर निवडायचा कारखान्याने, पैसे द्यायचे कारखान्याने. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. २००९ पासून एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर एक प्रयोग केला. निम्म्या कारखान्यांत जुनी पद्धत तशीच ठेवली. उरलेल्या निम्म्यांसाठी ऑडिटर सोडतीने ठरवला, त्याचे पैसे एका सामाईक निधीतून ठरावीक दराने दिले आणि त्याने घेतलेल्या काही मोजमापांची दुसऱ्यांकडून पुन्हा तपासणी केली. दुसऱ्या वर्षी मोजमाप जितकं अचूक तितका मोबदला जास्त, अशी सोयही केली.

निष्कर्ष वाचताना मी थांबले होते. जुन्या पद्धतीतल्या अहवालांत आकड्यांची गर्दी मर्यादेच्या किंचित खाली. प्रत्यक्ष मोजलं तर कित्येक कारखाने त्याच्या खूप वर. नव्या पद्धतीत मर्यादा ओलांडलेली असताना 'मर्यादेत आहे' असा खोटा शेरा मारण्याची शक्यता ८० टक्क्यांनी कमी झाली. पुढची गोष्ट महत्त्वाची: ऑडिटर खरं लिहू लागले तेव्हा कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. कायदा तोच, मर्यादा तीच. बदललं काय, तर ऑडिटर कोण नेमतो, पैसे कोणाच्या हातून येतात आणि त्याचं काम पुन्हा तपासलं जातं का, एवढंच. २०१५ मध्ये गुजरातने ऑडिटर सोडतीने नेमायचा नियम केला.

इथे शब्द अडतो तो 'ऑडिट'चा. 'लेखापरीक्षण' म्हटलं की हिशेबाच्या वह्या डोळ्यांसमोर येतात, आणि इथे तर धुराड्यावर चढायचं असतं.

वजनकाटा :
'त्रयस्थ तपासणी' लिहा, तपासणाऱ्याला 'तपासनीस'. 'त्रयस्थ' सोडू नका, तुमच्या गोष्टीचा जीव त्याच शब्दात आहे.

कालवा :
परवान्याबद्दल. मी पाटबंधारे खात्यात होतो, तिथला शब्द देतो: 'कोटा'. जुन्या पद्धतीत शेतकरी नमुना नंबर ७ वर पाणी मागायचा आणि पीक-क्षेत्रावर पाणीपट्टी बसायची. किती पाणी घेतलं हे कोणी मोजत नव्हतं. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थेला (शेतकऱ्यांच्या गटाला) घनमापन पद्धतीने मंजूर कोटा मिळू लागला. धरणात यंदा एवढं पाणी, त्यातून तुमच्या संस्थेला इतके घनमीटर. आत कोणतं पीक घ्यायचं ते तुम्ही ठरवा. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर हे शेतकऱ्यांनी चांगलं चालवलं.

'कोटा' म्हटलं की आधी एकूण आकडा मनात येतो, मग वाटणी. 'परवाना' म्हटलं की फक्त हातातला कागद दिसतो, एकूण किती याचा पत्ता नसतो. साखर कारखान्यांच्या विक्रीला महिन्याचा कोटा असतो, तोही शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. शिवाय प्रदूषण मंडळ कारखान्याला जे संमतीपत्र देतं त्यालाही लोक परवानाच म्हणतात. एकाच पानावर दोन परवाने झाले तर मुलं गोंधळणार.

टाचण :
हे फार पटलं. सुरतेचं काम तसंच चालतं. आधी सगळ्या मिल मिळून एका कालावधीत एकूण किती किलो धूळ सोडायची ते ठरतं. त्यातला ८० टक्के कोटा मिलना फुकट वाटला, २० टक्के लिलावात विकला. ज्याची धूळ कोट्यापेक्षा जास्त त्याने दुसऱ्याकडून घ्यायचा, ज्याची कमी त्याने विकायचा. भाव किलोला ५ रुपयांच्या खाली आणि १०० रुपयांच्या वर जाऊ देत नाहीत. मुदतीअखेर कोटा कमी पडला तर आधी घेतलेल्या ठेवीतून कमाल भावाच्या दुप्पट दराने रक्कम कापतात.

३१७ मिलपैकी सोडतीने निवडलेल्या साधारण निम्म्या बाजारात आणि उरलेल्या जुन्या नियमाखाली, अशी तुलना केली. बाजारातल्या मिलची धूळ २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली, आणि जवळजवळ सगळ्यांनी आपल्या धुळीइतका कोटा वेळेवर जमा केला. माझ्या मते यश त्या दुसऱ्या गोष्टीत आहे. जुन्या कायद्यात मंडळाकडे नोटीस होती, कारखाना बंद करायचा आदेश होता, वीज तोडायची धमकी होती. एवढी मोठी शस्त्रं सहसा चालवली जात नाहीत, हे कारखानदारालाही माहीत असतं. किलोमागे ठरलेली रक्कम आपोआप कापली जाते, तिला घाबरावं लागतं.

त्या कापलेल्या रकमेचं अधिकृत नाव 'पर्यावरण नुकसान भरपाई' या अर्थाचं आहे. ते नाव मी वापरणार नाही. भरपाई नुकसान झालेल्याला मिळते. ही रक्कम मंडळाकडे जाते, उधन्यातल्या खोकणाऱ्या माणसाकडे जात नाही. मी 'दंड' लिहीन.

तापीकाठ :
'दंड' बरोबर. आणि हा प्रश्न विचारतोच: एकूण धूळ कमी झाली हे मान्य. पण माझ्या गल्लीला लागून असलेल्या मिलने बाहेरून कोटा विकत घेतला आणि धूर तसाच सोडला तर? सरासरी सुरतेची, छाती माझी.

टाचण :
प्रश्न खरा आहे आणि तो मी पुस्तिकेत प्रश्न म्हणूनच घालणार आहे, तुमच्या शेवटच्या वाक्यासकट, परवानगी असेल तर. संशोधकांच्या हिशेबाने या बाजाराचा फायदा खर्चाच्या निदान २५ पट निघतो, म्हणजे वाचलेल्या आयुष्यांचं मोल धरून. पण तो शहराचा हिशेब आहे, गल्लीचा नाही. धुराड्यावरची यंत्रं मिलवार आकडे देतात. ते आकडे गल्लीतल्या माणसाला बघता आले पाहिजेत असं मला ठामपणे वाटतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांना धुळीवरून एक ते पाच तारे देऊन ते लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली, तो रस्ता त्याच दिशेचा.

पदर :
इथे 'भुर्दंड'ची खरी जागा दिसली. बाजार बसवल्यावर मिलचा काही भुर्दंड तिच्याच हिशेबात आला, तिथे तो 'खर्च' झाला. तापीकाठ यांच्या गल्लीत उरला तो अजून भुर्दंडच. दोन शब्द दोन ठिकाणी वापरलेत तर मुलांना वेगळं समजावून सांगायची गरज उरणार नाही.

टाचण :
हेच करते. व्याख्येत 'बाह्य परिणाम', अपायकारक असेल तिथे 'भुर्दंड', हिशेबात आला की 'खर्च'. 'कॅप'ला 'एकूण मर्यादा', 'परमिट'ला 'कोटा', 'ऑडिट'ला 'त्रयस्थ तपासणी'. शेवटचा एक राहिला: 'ॲबेटमेंट कॉस्ट'. परिभाषेत 'उपशमन खर्च' असा काहीसा शब्द आहे, तो मला लिहवत नाही. धूळ कमी करायला मिलला जो खर्च येतो त्याला तिकडे काय म्हणतात?

तापीकाठ :
मिलमध्ये कोणी वेगळं नाव देत नाही. धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या पिशव्या बदलल्या, धूर गरगर फिरवून धूळ वेगळी करणारा सायक्लोन साफ केला, पंखा जास्त चालला म्हणून बिल वाढलं, सगळ्याला 'फिल्टरचा खर्च' म्हणतात. पुस्तकात 'धूळ रोखण्याचा खर्च' लिहा. आणि हो, ते वाक्य खुशाल घ्या.