कुलूप उघडलं, पुढे काय? कोकणातल्या मैदान-व्यायामशाळांचे अनुभव

कोरोनाच्या बंदीनंतर तुमच्या गावची व्यायामशाळा, कोर्ट, तलाव, वाचनालय पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी काय दिसलं, ते सांगा. सरकारी आदेश सगळ्यांनीच वाचलेत, मला आतली अवस्था ऐकायची आहे. सुरुवात मीच करतो.

रत्नागिरी, व्यायामशाळा
मार्च २०२० मध्ये कुलूप लागलं, उघडलं २५ ऑक्टोबरला, दसऱ्याला. मधे अख्खा पावसाळा गेला, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. शटर अर्धं वर गेलं तोच कुबट वास आला. प्लेटांवर गंजाचे पापुद्रे, बेंचच्या रेक्झिनवर पांढरी बुरशी, आणि एका बारला वजन लावायची कॉलरच चिकटून बसलेली. आम्ही पाच जण दोन दिवस रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन घासत होतो. हात काळे, मास्कही काळे. मग डंबेल्सना झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं. ताप मोजायची बंदूक नवी कोरी होती, बाकी सगळं जुनं. झुंबा आणि स्टीमला परवानगी नव्हती. आमच्याकडे स्टीम कधी नव्हतीच, त्यामुळे तो नियम आम्ही शंभर टक्के पाळला!

दापोली तालुका, बॅडमिंटन
आमचं दुःख वेगळं. ५ नोव्हेंबरपासून इनडोअर खेळ सुरू झाले, पण आमच्या हॉलचं छप्पर ३ जूनच्या निसर्ग वादळात गेलेलं. पत्रे मागच्या आमराईत पडले होते. लाकडी कोर्ट पावसात भिजून फुगलं, पट्ट्या उचलल्या गेल्या. परवानगी हातात असूनही खेळायला जागा नाही. शेवटी एका मित्राच्या खळ्यात जाळी बांधली. वारा सुटला की शटल शेजारच्या माडांत.

कुडाळजवळचं गाव, मुलाला पोहायला शिकवणारी आई
नोव्हेंबर २०२० मध्ये तलाव उघडले म्हणून मी चौकशीला गेले, तर परवानगी फक्त राज्य पातळीवरच्या आणि त्यावरच्या खेळाडूंच्या सरावाला. माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्याची पातळी आमच्या परसातली. मग माझ्या सासऱ्यांनी दोन असोले नारळ दोरीनं जोडले, त्याच्या कमरेला बांधले आणि बावीत, म्हणजे विहिरीत, उतरवलं. मी काठावर जीव मुठीत धरून. पंधरा दिवसांत एक नारळ सुटला, महिन्याभरात दुसरा. पुढे तलाव सगळ्यांसाठी उघडल्यावर मी फॉर्म आणला, तर आजोबा म्हणाले, "बावीत शिकलंस ना, मग आता पैसे भरून त्या टाकीत कित्याक जातंस?" फॉर्म अजून फ्रीजवर आहे.

चिपळूण, वाचनालय आणि कॅरम
ऑक्टोबर २०२० मध्ये वाचनालयं उघडली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद. ऑगस्टमध्ये बऱ्याच जिल्ह्यांना सूट मिळाली तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरातच, म्हणजे सुटीविना राहिले. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानं सगळं नेलं होतं. आमच्या मंडळाच्या खोलीतले तीन कॅरम बोर्ड छताला टेकून खाली आलेले, पापुद्रे सुटलेले. सोंगट्या मात्र चिखलातून निवडून धुतल्या. अजून त्याच वापरतो, राणीसुद्धा तीच.

अलिबागकडची कबड्डी
मैदानाला काही झालं नव्हतं, लाल माती पाणी मारून, चोपून आठवड्यात तयार झाली. अडचण दमाची होती. आमच्यातल्या चौघांना दुसऱ्या लाटेत कोरोना झाला होता. त्यातला आमचा सगळ्यात चांगला चढाईवाला 'कबड्डी कबड्डी' म्हणत मध्यरेषा ओलांडायचा आणि सात-आठ सेकंदांत आवाज बसायचा. समोरच्यांना पकड करायची गरजच उरली नाही. सरावात आम्ही मुद्दाम त्याला सोडायचो, ते त्याला कळायचं आणि तो चिडायचा. सहा महिने गेले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, हा रोज पहाटे किनाऱ्यावर ओल्या वाळूत चालत चढाईचा सूर धरायचा. लोकांना वाटायचं जप चाललाय. १ एप्रिल २०२२ ला सगळे निर्बंध उठले, दुसऱ्या दिवशी पाडवा. त्या संध्याकाळी तो खेळला, बोनस घेतला आणि परत आला. गडी मारला नाही, पण दम तुटला नाही.

मालवण, नाटकवेडा
२२ ऑक्टोबर २०२१ नंतर नाट्यगृहात एक खुर्ची सोडून बसायचं. बायको पलीकडच्या खुर्चीवर, मधल्या खुर्चीवर शेंगदाण्याची पुडी. दशावताराला मात्र जत्रेत अशा खुर्च्या कुठून आणणार!

चिपळूणच्या मंडळींसाठी एक प्रश्न, गुहागरहून
नवे बोर्ड घेतलेत का? आमचे दर पावसाळ्यात वाकतात.

चिपळूण
दोन घेतले. भिंतीला टेकवून ठेवू नका, आडवे ठेवा. जूनपासून कपाटात साठचा बल्ब पेटता ठेवतो, साधा पिवळा, एलईडी नको, त्याची ऊब लागत नाही. आणि कपाट आता माळ्यावर नेलंय.