रेसकोर्सवरच्या सट्ट्याच्या सरकारी तपासणीचे कागद माहिती अधिकारात मिळवायचे आहेत, मदत हवी आहे

सिंहगड_रोड

नमस्कार मंडळी,

माहिती अधिकारात मुरलेल्या लोकांचा सल्ला हवा आहे. पहिल्या अपिलाची मुदत जवळ आली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुगाराच्या नादातून बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या कुटुंबांसोबत मी काम करते. क्रिकेटवर सट्टा लावणाऱ्याला निदान एवढं माहीत असतं की आपला बुकी बेकायदा आहे. घोड्यांवर खेळणाऱ्याचं तसं नसतं. "सरकारमान्य आहे हो, लायसन्स आहे" हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलं आहे, आणि ते खोटं नाही. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने शर्यतीच्या दिवशी रेसकोर्सच्या ठरवून दिलेल्या आवारात किंवा टोटवर (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटायची यंत्रणा) लावलेले पैसे जुगाराच्या व्याख्येतून वगळले आहेत. शर्यती भरवायला १९१२ च्या कायद्याखाली राज्य सरकारचा परवाना लागतो आणि त्याला अटी असतात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, तेही सगळ्यांना तोंडपाठ असतं.

लोक परवान्याकडे बघून विश्वास ठेवतात. मग परवाना देणाऱ्याने वर्षभरात नक्की काय तपासलं, हे लोकांना बघायला मिळायला नको का? शर्यत योग्य की अयोग्य या वादात मला पडायचं नाही. सरकारने देखरेख केली असेल तर तिचा कागद असणार, आणि तो मला वाचायचा आहे.

म्हणून अर्ज केला. कार्यालयाचं नाव मुद्दाम देत नाही, माझा प्रश्न उत्तराबद्दल आहे. चालू परवाना आणि त्याच्या अटी, मागच्या तीन वर्षांत बुकींच्या रिंगणाची आणि टोटची तपासणी झाली असल्यास तिचे अहवाल, परवानाधारक बुकींची यादी, आणि पावतीवर कमी रक्कम दाखवल्याच्या तक्रारी आल्या असतील तर त्यांवर काय कारवाई झाली, एवढं मागितलं होतं. खेळणाऱ्या कुणाचंही नाव मागितलेलं नाही.

उत्तर तीन ओळींचं आलं. माहिती त्रयस्थ पक्षाची व्यापारी गोपनीय माहिती आहे, कलम ८(१)(घ). ती विश्वासाच्या नात्याने मिळालेली आहे, कलम ८(१)(ङ). बाकी शर्यती भरवणाऱ्या क्लबकडे मागा, मात्र क्लब 'सार्वजनिक प्राधिकरण' नाही.

म्हणजे इकडे मिळणार नाही आणि तिकडे मागायचा हक्क नाही. अपिलात काय मांडावं? तपासणी अहवाल खरोखर गोपनीय ठरतो का? आणि बुकींकडून किती कर आला हे जीएसटी खात्याकडून मिळू शकतं का?

जुना_कारकून

ताई, आधी त्या उत्तराचीच चिरफाड करा. नकार देताना कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील द्यावा लागतो, कलम ७(८). त्रयस्थ पक्षाचं नाव पुढे केलं असेल तर कलम ११ प्रमाणे पाच दिवसांत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात. नोटीस दिली होती का, तिची जावक नोंद दाखवा, असं अपिलात विचारा. अनेकदा नोटीस दिलेलीच नसते. आणि अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर असते, तुमच्यावर नाही. कलम १९(५).

परवान्याबद्दल तर वादच नको. कलम ४(१)(ख) मध्ये ज्या गोष्टी कार्यालयाने कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायच्या आहेत, त्यांत सवलती, परवाने आणि प्राधिकारपत्रं कोणाला दिली हा तपशील आहे. सरकारने सही करून दिलेला कागद व्यापारी गुपित होऊच शकत नाही.

आता मुख्य गोष्ट. १६ डिसेंबर २०१५ चा रिझर्व्ह बँक विरुद्ध जयंतीलाल मिस्त्री हा निकाल वाचाच. बँकांचे तपासणी अहवाल विश्वासाच्या नात्याने आमच्याकडे येतात, म्हणून देता येत नाहीत, असं रिझर्व्ह बँक म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. नियामक कायद्याने मिळालेल्या अधिकारात माहिती घेतो, तिथे विश्वासाचं नातं नसतं, त्याचं कर्तव्य जनतेशी आहे. तुमचा विषय थेट तोच आहे. पण एक सांगून ठेवतो: बँकांनी या निकालाला पुन्हा आव्हान दिलं आणि २०२२ मध्ये त्यांच्या याचिका ऐकायला न्यायालयाने मान्यता दिली. समोरचा वकील ते काढू शकतो. म्हणून सगळा भार या एका निकालावर टाकू नका.

सिंहगड_रोड

काका, खूप आभार. नोटिशीचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. "क्लबकडे मागा" याला काय उत्तर द्यायचं?

जुना_कारकून

कलम २(च). खासगी संस्थेची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरण दुसऱ्या कायद्याखाली मिळवू शकतं, तीही 'माहिती' या व्याख्येत येते. २०१३ च्या थलप्पलम निकालात सहकारी संस्था स्वतः प्राधिकरण नाहीत असं ठरलं, पण निबंधकाला कायद्याने जी माहिती मागवता येते ती नागरिकाला निबंधकाकडून मिळू शकते, हेही त्याच निकालात आहे. म्हणून परवान्याच्या अटी आधी हातात पाडा. कोणते हिशेब, कोणती रजिस्टरं सरकारला दाखवायची हे अटींतून कळलं की पुढचा अर्ज नेमका करता येईल.

तपासणी झालीच नसेल तर "अहवाल उपलब्ध नाही" असं लेखी येऊ द्या. तुमच्या कामासाठी तोही मोठा कागद आहे.

आणि अर्ज सुटे करा. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. परवाना एका अर्जात, तपासणी दुसऱ्यात, तक्रारी तिसऱ्यात. प्रत्येकी १० रुपये. अपिलाला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

कर_सल्लागार_नाशिक

जीएसटीबद्दल: कोणत्याही एका करदात्याची विवरणपत्रं मागू नका. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १५८ तशी माहिती उघड करायला मनाई करतं आणि नकार हमखास येईल. राज्यात शर्यतींवरच्या सट्ट्यातून वर्षाला एकूण किती कर आला, असा एकत्रित आकडा मागा. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के दर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. दर वाढल्यावर नोंदवलेली उलाढाल वाढली की घटली, हे त्यातून दिसेल. पावतीवरच्या कमी रकमेचा तुमचा प्रश्न तिथेच येऊन भिडतो.

बुकींच्या यादीत मात्र अडचण येईल. डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) बदललं आहे आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हणूनही नकार देता येतो. परवाना क्रमांक आणि फर्मचं नाव मागा, पत्ते नकोत. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद अजून शाबूत आहे, ती अर्जात लिहाच. कलम १० सुद्धा: जे देता येत नाही ते झाकून उरलेलं द्यायचं असतं.

क्लब कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर त्याचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपयांत बघता येतात. तिथे माहिती अधिकाराची गरजच नाही.

लेस्टरवासी

इथलं सांगते, तुलना अपिलात कामी येईल. ब्रिटनच्या जुगार आयोगाची परवानाधारकांची नोंदवही कुणालाही ऑनलाइन बघता येते आणि कोणावर काय कारवाई झाली तेही त्यात दिसतं. २०२३ मध्ये विल्यम हिलच्या कंपन्यांना १.९२ कोटी पौंड भरावे लागले, तेव्हा कुठे काय चुकलं याचं निवेदन आयोगाने जाहीर केलं. त्यामुळे कुठला व्यापार बंद पडला नाही. अर्थात इथेही सगळं मिळत नाही. माहिती स्वातंत्र्य कायद्यात २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं, पण चालू तपासाचं कारण देऊन बरंच अडवतात.

सिंहगड_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. अपील या आठवड्यात टाकते: कलम ११ ची नोटीस, कलम ४, कलम २(च), मिस्त्री निकाल, कलम १० आणि ८(२), या क्रमाने. सोबत परवान्याचा आणि एकूण कराच्या आकड्याचा असे दोन नवे अर्ज.

एक विचारायचं राहिलं. परवाना देणाऱ्या खात्याच्या तपासणी अहवालांबद्दल, मग तो दारूचा परवाना असो की सिनेमागृहाचा, राज्य माहिती आयोगाचा एखादा आदेश कुणाकडे आहे का? पुणे खंडपीठाचा असेल तर फारच उत्तम. आदेश क्रमांक आणि तारीख दिलीत तरी प्रत मी स्वतः काढेन.