रंगमंचावरून कॅमेऱ्यासमोर: ‘कमी करा’ म्हणजे नेमके काय करायचे?

कुळागरकर, फोंडा
नमस्कार. गेली बारा वर्षे मी फोंड्याच्या आसपासच्या देवळांतील उत्सवी नाटकांतून कामे करीत आहे आणि कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतही दोनदा उभा राहिलो आहे. गेल्या महिन्यात प्रथमच एका लघुपटात काम केले. मुलाचे पत्र वाचणाऱ्या बापाचा क्लोज-अप होता. मॉनिटरवर पाहिले, तर माझ्या भुवया कपाळभर नाचत होत्या. दिग्दर्शक म्हणाले, ‘कमी करा’. कमी केले, तर चेहरा लाकडी झाला. मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचण्याची सवय अंगात मुरलेली आहे. ती आता मोडायची, की निराळेच काही शिकायचे?

जुना रंगकर्मी, मडगाव
‘कमी करा’ ही सूचना मला नेहमीच अपुरी वाटत आली आहे, कारण तिच्यामुळे नट भावनाच आखडून घेतो. जत्रेच्या नाटकात प्रेक्षक लांब बसलेला असतो आणि पलीकडे खाजे-चण्यांची दुकाने गजबजलेली असतात, म्हणून तिथे मनातले उचलून दाखवावेच लागते. क्लोज-अपमध्ये मात्र तोच प्रेक्षक वीतभर अंतरावरून तुमच्या डोळ्यांत पाहत असतो. त्याला दाखवू नका, पत्र खरोखर वाचा. चित्रीकरणात बहुधा कोरा कागद हातात देतात. तो परत करून त्यावर पुरा मजकूर लिहून मागा. नजर ओळीवरून सरकते, एखाद्या शब्दाशी अडते, पुन्हा मागे येते, आणि ते ठरवून करता येत नाही. आवाजाचेही तसेच: माइक कॉलरखाली असल्यामुळे तो फेकण्याची गरज नाही, पण शब्दांची धार मात्र जाऊ देऊ नका. आमच्यातले पुष्कळ नट ‘नैसर्गिक’ बोलण्याच्या नादात पुटपुटू लागतात.

संकलक, पणजी
१९२० च्या सुमारास रशियन चित्रपट-दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपाची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्या दृश्यांशी आलटून पालटून जोडला, आणि पाहणाऱ्यांना त्यात भूक, शोक व अभिलाषा दिसली, असे सांगतात. तेव्हा निम्मे काम आमच्या टेबलावर होते. तुमच्याकडून मला हवी असते ती कंटिन्युइटी: मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग लांबून सलग टिपणाऱ्या शॉटमध्ये, ‘मुंबई’ या शब्दावर चष्मा काढला असेल, तर क्लोज-अपमध्येही त्याच शब्दावर काढा. एकदा केवळ चष्म्यापायी मला एका नटाचा सर्वांत सुंदर टेक टाकून द्यावा लागला.

जुना रंगकर्मी, मडगाव
प्रयोग खरा, पण त्यावरून नटाने काहीच करू नये असे कोणी समजू नये. निर्विकार चेहरा आणि रिकामा चेहरा यांत फरक आहे, आणि लेन्सला तो कळतो.

कुळागरकर, फोंडा
दोघांचेही आभार. काल रात्री मोबाइल पुस्तकांच्या चवडीवर टेकवून सराव केला. पत्र नव्हते, म्हणून वीजबिल वाचले. एकूण रकमेपाशी नजर आपोआप थांबली, पुन्हा वर जाऊन युनिट तपासू लागली, आणि भुवया जेमतेम हलल्या. चष्मा मात्र तीन टेकमध्ये तीन निरनिराळ्या जागी काढला गेला; त्यासाठी संहितेतच पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.