मालवणच्या प्रवाळांच्या अभ्यासासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मालवणची प्रवाळं निवडली आहेत. पाणी तापलं की प्रवाळं आपल्या पेशींतली शैवालं गमावून पांढरी पडतात, हे आपल्याकडेही दिसलंय. पण जी तगतात, ती कशामुळे? उष्णता सोसणारी शैवालं बाळगल्यामुळे, की स्वतःच्या जनुकांमुळे? मला खरा रस दुसऱ्या शक्यतेत आहे, कारण नैसर्गिक निवड तिथे काम करू शकते. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळ-पट्ट्यावरच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, उत्तरेकडच्या जास्त उबदार पाण्यातल्या पालक प्रवाळांच्या अळ्यांची (पिल्लांची) उष्णतेत जगण्याची शक्यता दहापटीपर्यंत जास्त निघाली होती. मालवणचं पाणी मात्र गढूळ, शिवाय पावसाळ्यात खारेपणाही उतरतो. यातून नुसत्या तापमानाचा परिणाम वेगळा कसा काढायचा? इथेच अडलेय.

दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे छोटा तुकडा घ्यायलाही परवानगी लागते. कुणी असा अर्ज केला असेल तर त्यात काय काय जोडलं ते कृपया सांगा.

आणि मालवण-तारकर्लीत स्कूबा करणाऱ्यांना कळकळीची विनंती: पाण्याखालचे जुने फोटो, तारीख आणि जागेसकट, असतील तर द्या. प्रवाळांची तीच वसाहत पांढरी पडण्याआधी आणि नंतर दिसली, तर कुठून नमुने घ्यायचे हे ठरवता येईल.