मदत हवी आहे: स्मार्ट स्पीकर घरातलं बोलणं बाहेर पोचवतोय, बंद कसा करू?

मीनल_ठाणे
नमस्कार मंडळी, जरा पटकन सांगा. हॉलमध्ये टीव्हीशेजारी स्मार्ट स्पीकर आहे आणि आम्ही घरात बोलतो ते बाहेर जातंय याची आता मला खात्री पटलीये, नुसता संशय नाही. जी गोष्ट आम्ही चार भिंतींबाहेर काढली नाही ती बाहेर कळलेली आहे. त्याचं ऐकणं कायमचं बंद कसं करायचं? प्लग काढा असं कृपया सांगू नका, सासऱ्यांना सकाळी अभंग लागतात आणि मोबाईल त्यांना जमत नाही.

सदाशिव_पेठकर
प्लग काढा. अभंगांसाठी आकाशवाणी आहे, ती ऐकवते, ऐकत नाही.

हार्डवेअरवाला
मॉडेल कुठलं? ॲप कोणाच्या फोनवर आहे? आणि "बाहेर कळली" म्हणजे जाहिरात दिसली की कुणा माणसाला कळली? दिवा कुठल्या रंगाचा लागतो? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार. एरवी स्पीकर फक्त त्याच्या नावाची हाक येते का बघत असतो, ते काम आतल्या आत होतं, हाक आली असं वाटलं की मग पुढचा आवाज कंपनीच्या सर्व्हरला जातो.

निनाद_के
हे "मग" वगैरे कंपन्यांचं म्हणणं झालं. 2019 मध्ये ब्लूमबर्गने छापलं की ॲमेझॉनची माणसं अलेक्साची रेकॉर्डिंग्ज ऐकतात, त्याच वर्षी गुगल आणि ॲपलचंही तेच बाहेर आलं. ॲपल तर पुढे खटला मिटवायला साडेनऊ कोटी डॉलर द्यायला तयार झालं. काही नसतं तर एवढे पैसे कोण देतं?

हार्डवेअरवाला
निनाद, ती रेकॉर्डिंग्ज स्पीकर जागा झाल्यावरचीच होती. भानगड ही की तो चुकूनही जागा होतो. 2020 मध्ये जर्मनीत बोखुमच्या विद्यापीठातल्या लोकांनी स्पीकरांसमोर मालिका नि बातम्या लावून ठेवल्या तर त्यांना फसवणारे हजाराच्या वर शब्द आणि वाक्यांचे तुकडे सापडले. मीनलताई, घरात कोणी अलका वगैरे आहे का, अलेक्सासारखं ऐकू येणारं?

मीनल_ठाणे
नाही हो, कोणी अलका नाही. मला सेटिंग कुठे असतं ते हवंय, इतिहास नकोय.

क्वांटम_कट्टा
स्पीकर खिडकीसमोर आहे का? असेल तर आधी हलवा. 2019 मध्ये मिशिगन आणि टोकियोच्या संशोधकांनी 110 मीटरवरून लेसर मारून अशा स्पीकरला हुकूम दिलेत, काचेतूनसुद्धा जमतं. प्रकाश आवाजाच्या चालीने कमीजास्त केला की माईकच्या पडद्याला तो आवाजच वाटतो. भन्नाट प्रकार आहे.

सदाशिव_पेठकर
ठाण्यात यांच्या हॉलवर लेसर रोखून कोण बसलंय? आणि त्यात हुकूम देता येतात, ऐकता कुठे येतं? ऐकायचंच म्हणाल तर रशियनांनी 1945 ला करून दाखवलंय. मॉस्कोत अमेरिकन राजदूताला शाळकरी मुलांच्या हातून लाकडी राजचिन्ह भेट दिलं, आत थेरेमिन नावाच्या रशियन संशोधकाने बनवलेला माईक. ना बॅटरी ना वायर, बाहेरून रेडिओ लहरी सोडल्या की चालू. 1952 पर्यंत भिंतीवर टांगलेलं होतं, कुणाला पत्ता नाही. भेटवस्तू आधी उघडून बघावी.

हार्डवेअरवाला
विषय भरकटतोय. मीनलताई, माझे प्रश्न तसेच राहिलेत.

मीनल_ठाणे
स्पीकर दिराने पाठवला न्यू जर्सीहून, आल्यावर त्यानेच सगळं लावून दिलं. ॲप आमच्याकडे कोणाकडेच नाही, लागतं कशाला? आणि कळलं ते त्यालाच. गुहागरची जागा विकायची असं आम्ही दोघं हॉलमध्ये बोललो आणि लगेच त्याचा फोन, वहिनी गिऱ्हाईक मिळालं का. दिवा कधीकधी आपोआप हिरवा होतो आणि टुंग वाजतं, ते अपडेट असेल ना.

हार्डवेअरवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये असतं तर! खातं त्याचं असेल तर तुम्ही स्पीकरला जे जे विचारता ते त्याच्या ॲपमध्ये दिसतं, ऐकूही येतं. आणि काही कंपन्यांच्या स्पीकरला ड्रॉप-इन नावाची सोय असते, खात्याचा मालक कुठूनही थेट तुमच्या हॉलमध्ये येतो, म्हणजे इथलं ऐकतो नि बोलतो, इकडे कुणी फोनसारखं उचलावं लागत नाही. तेव्हा टुंग वाजतं नि हिरवा दिवा लागतो. अपडेट नव्हे. आत्तापुरतं माईकचं बटण दाबून लाल दिवा करून ठेवा. मग स्पीकर रीसेट करा (बटण मॉडेलप्रमाणे बदलतं) आणि स्वतःच्या खात्यावर लावा. जुन्या खात्यातून तो काढायला मात्र दिरालाच सांगावं लागेल.

सुलभा_व
सासूबाईंनीच फोनवर सांगितलं नसेल कशावरून? आमच्याकडे स्पीकर नाही तरी सगळं कळतं सगळ्यांना.

मीनल_ठाणे
त्या सांगणार नाहीत, त्यांनाच विकायची नाहीये. माईक बंद केला तर अभंग कसे लागणार? आणि रीसेट केल्याचं त्याला कळेल का?

हार्डवेअरवाला
अभंग तुमच्या फोनवरून ब्लूटूथने लावा, माईक लागत नाही, पहिल्यांदा जोडतानाच काय तो चालू करावा लागेल. आणि हो, कळेल, त्याच्या ॲपमध्ये स्पीकर ऑफलाइन दिसेल.

निनाद_के
म्हणजे कंपनीवरचा मुद्दा तसाच राहिला ना.

कोकणी_माणूस
गुहागरला नक्की कुठे? सातबारा कोणाच्या नावावर आहे? रस्त्याला लागून असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.