1 लाख 10 हजारांची जुनी वॅगन-आर घेणारा मूर्ख नसतो

इंद्रायणीकाठ
परवा एकाने विचारलं होतं: 2012 ची वॅगन-आर, पेट्रोल, सेकंड ओनर, 1 लाख 10 हजारांत मिळतेय. क्लच, सस्पेन्शन आणि एसीचं काम निघालंय, घेऊ का? त्यावर एका गृहस्थांचं उत्तर: "भंगार गळ्यात मारून घेऊ नका. कर्ज काढून नवी घ्या, नाहीतर बसने फिरा." ते वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

सहा लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं. हप्ता 9,800 च्या आसपास, एकूण फेड सव्वाआठ लाखांच्या घरात. जुन्या गाडीवर 40–45 हजार घातले तरी दीड-पावणेदोन लाखांत विषय संपतो. विचारणाऱ्याला आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचंय, दर वेळी रिक्षावाल्यांच्या हातापाया पडून. त्याला बसने फिरा म्हणता? एकदा डायलिसिस झालेल्या माणसाला बसस्टॉपवर उभं करून बघा.

नवीच_बरी
तो गृहस्थ मीच. 'बसने फिरा' हे आईचं कळायच्या आधी लिहिलं होतं. बाकी शब्द न् शब्द कायम. 2012 च्या बेस मॉडेलला ना एअरबॅग, ना एबीएस. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली 2019 मध्ये. आईला नेणाऱ्यानेच याचा आधी विचार करावा. शिवाय 15 वर्षं 2027 मध्ये भरतात. म्हणजे पुन्हा पासिंग, 2022 पासून त्याची फी 5,000, वर पर्यावरण कर, वर एजंट. हे तुमच्या हिशेबात कुठेच नाही. माझ्या मेहुण्याने अशीच 'स्वस्त' गाडी घेतली आणि वरंधा घाटात रात्री अकराला लहान पोरांसकट अडकला. तेव्हापासून जुन्या गाडीचं नाव काढलं तरी बहीण रडते.

गॅरेजवाला_कराड
दोघंही किमतीवर भांडताय. गाडीला झालंय काय ते बघा. क्लचप्लेट, बुश, शॉकअप ही झिजायचीच कामं. पैसे टाकले की विषय संपला. या गाडीच्या के-सिरीज इंजिनला टायमिंग चेन आहे, बेल्ट तुटायची भीती नाही. स्पेअर कुठल्याही तालुक्याला मिळतं. पण बॉनेटखालचा एप्रन, म्हणजे चाकाच्या बाजूचा आतला पत्रा, कापून जोडलेला असेल, नाहीतर ऑइलचं झाकण उघडल्यावर आत दुधट चिकटा दिसला, तर फुकट दिली तरी घेऊ नका.

आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, अगदी शेवटपर्यंत. पुरात बुडालेल्या गाडीचं सगळं धुतात, सीट बदलतात, पण बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. 2019 ला कोल्हापूर-सांगलीत आणि 2021 ला चिपळुणात गाड्या बुडाल्या, त्यातल्या काही रंगरंगोटी होऊन माझ्याच दारात आल्यात.

अजून एक. ही गाडी ई-20 च्या, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, आधीची. फ्युएल पाइप आणि रबराच्या सील तपासून घ्या, जुन्या गाड्यांत त्या फुगलेल्या-तडकलेल्या बघतोय.

ऊसकरी
झालं, आलं सगळं इथेनॉलवर! गाडी 13–14 वर्षांची, पाइप तडकणारच की. आमच्याकडं पूर्वी साखर गोदामात पडून राहायची न् बिलं थकायची. उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचा कायदा 1966 पासून आहे, पाळला कोणी? इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून येतात म्हणून कारखान्याच्या हातात काहीतरी खेळतं. शहरातल्या माणसाला ॲव्हरेज दोन किलोमीटरनं कमी झालं की शेतकरी दिसतो.

मीनल_ठाणे
शेतकऱ्याला कोणी बोललेलं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज 6–7 टक्के घटेल असं लिहिलंय. मग पंपावर भाव तेवढा कमी का नाही? ई-10 मागायची सोय का नाही? माझी 2010 ची सँट्रो आहे, नवी घ्यायची ऐपत नाही. माझ्या गाडीला चालणारं पेट्रोल मला मिळावं, एवढंच मागणं आहे.

ऊसकरी
मग सरकारला विचारा, आम्हाला का? डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक लगाम घातला, तेव्हा आमची बाजू घ्यायला कोण आलं होतं? आता मक्याचं इथेनॉल वाढलंय, तरी शिव्या उसालाच.

मीनल_ठाणे
शिव्या दिल्याच नाहीत हो! एक वाक्य दाखवा. ग्राहकाने भाव विचारला की शेतकरीद्वेष्टा ठरवायचं, ही पद्धत बंद करा.

इंद्रायणीकाठ
कृपा करून उसावरची चर्चा वेगळी करा, त्या माणसाला रविवारी गाडी बघायची आहे.

@नवीच_बरी, पासिंगचा खर्च धरतो, चला. पण त्याने पाच वर्षं वाढतात, हे तुम्ही सांगितलं नाहीत. एअरबॅगला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र आज तो आईला रिक्षात बसवतो, तिथे बेल्टसुद्धा नसतो.

नवीच_बरी
रिक्षा एक्सप्रेसवेवर जात नाही. दारात गाडी आली की माणूस एक्सप्रेसवेवर जातोच. गॅरेजवाल्यांनी सांगितलेलं सगळं स्वतःच्या मेकॅनिककडून, विकणाऱ्याच्या नाही, तपासून घेणार असेल आणि गावातल्या गावात चालवणार असेल, तर घेऊ दे. यापुढे मी जाणार नाही.

गॅरेजवाला_कराड
विकणाऱ्याला सांगा, सकाळी इंजिन गार असताना येतो, आधी चालू करून ठेवू नका; गार इंजिनातच खोड कळते. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर परत फिरा. आणि आरसी नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

ऊसकरी
मीनलताई, ई-10 चा पर्याय असावा, एवढं मान्य. भावाचं बोलायचं तर आधी आमच्या टनाचा भाव बोला.